तारवाल्याच्या मागे

गल्लीत कुणाच्या दाराकडे निघाली की मावशी आधी दोन्ही हात वर करून मोकळे तळवे दाखवायची. हातात वाटी असली तर एकच हात वर जाई. मग लांबूनच आवाज, "काय न्हाई गं, मीच हाय." नवख्या माणसाला वाटे, बाईचं डोकं फिरलंय. आम्हां भिंगारच्या बायांचा मात्र तेवढं ऐकल्यावरच जीव भांड्यात पडे.

एकाहत्तर सालचं युद्ध सुरू होतं. आमच्या गल्लीतले बहुतेक पुरुष फौजेत, त्यांत माझा नवराही. लग्नाला वर्ष व्हायचं होतं. खिडक्यांना काळे कागद आणि दिवसभर कान सायकलच्या घंटीकडे. त्या दिवसांत तार म्हणजे वाईटच बातमी, अशी आमची खात्री होती.

मावशी कुणाचीच सख्खी मावशी नव्हती. गल्लीच्या तोंडाशी, नळासमोर तिची खोली. उंबऱ्यात ज्वारी निवडत बसलेली असे. तारवाला आत वळला की सूप खाली ठेवून ती त्याच्या मागे निघे. ज्या दारात तो थांबेल, त्या घरात ही दिवसभर राही. चूल पेटवी, पोरांना जेवू घाली. एरवी एवढी बोलघेवडी, पण तिथे रडणाऱ्या बाईच्या पाठीवर हात ठेवून नुसती बसे. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. मला तर तेव्हा स्वतःच्या घरचाच घोर पुरून उरत होता.

मी एकदा विचारलं, तुम्ही कशाला जाता? तर कळलं, तिचा नवरा गेल्याची तार आली तेव्हा ती घरात एकटी होती. वाचता येत नव्हतं. कागद घेऊन बाजारभर फिरली, शेवटी एका अनोळखी दुकानदाराने वाचून दाखवला.

"तवा मागं कुनी आसतं तर," एवढं बोलून ती पुन्हा ज्वारी निवडू लागली.

पण झालं भलतंच. बायांनी मावशीचाच धसका घेतला. एका दुपारी ती शेजारी पिठल्याची वाटी घेऊन गेली, तर तिला दारात पाहून घरातली बाई चक्कर येऊन पडली. पिठलं सांडलं, मावशी रडकुंडीला आली. तेव्हापासून ते हात वर करणं सुरू झालं.

एका सकाळी तारवाला आला. सायकल हातात, मान खाली. मावशी सवयीने मागे. एकेक दार मागे पडत होतं, आणि माझी खोली गल्लीच्या अगदी टोकाला. शेजारचं दारही ओलांडून तो पुढे आला तेव्हा मी चौकट धरली. माझ्यापुढे घरच नव्हतं.

तो माझ्यासमोर थांबला आणि मागे वळला.

"मावशी, तुमचीच हाय," म्हणाला. "तुमच्या दारात तोंड उघडंना."

तिचा एकुलता एक मुलगा फौजेत ड्रायव्हर होता. त्याची काळजी तिने कधी कुणाच्या दारात नेली नव्हती.

तार तारवाल्यानेच वाचली. मुलगा जखमी होऊन पुण्याच्या लष्करी इस्पितळात होता. जिवंत होता. मावशी माझ्या पायरीवर बसली. तोवर घराघरांतून बाया धावत आल्या होत्या, कुणाचे हात पिठाचे, कुणाच्या कडेवर मूल. तिने सगळ्यांकडे पाहिलं.

"आज मागं समद्या हायेत की," ती म्हणाली, आणि मग तिला रडू फुटलं.

दुपारच्या एसटीने ती पुण्याला गेली. गाडी हलली तशी तिने खिडकीतून मोकळे तळवे दाखवले. तेव्हाही तिला आमचीच काळजी. मुलाचा पाय गेला. ती त्याच्याजवळच राहिली, भिंगारला परतली नाही.

तिच्या दाराला कुलूप लागल्यावर काही दिवसांनी मी नळावर होते. सायकलची घंटी वाजली. तारवाला आत वळला आणि त्या कुलपापाशी जरा घुटमळला. कुणाची, हे विचारायचा मला धीर झाला नाही. त्या गल्लीत माझंही दार होतं. मी भरलेली घागर तिथेच ठेवली, पदर खोचला आणि त्याच्या मागे चालू लागले.