रिग्मोरची गैरहजेरी

रिग्मोर बुंडगार्ड चाळीस वर्षं सुईण होती. यूटलंड या डॅनिश प्रांतातल्या आमच्या व्हेस्टरलुंड गावातली निम्मी पोरं तिच्या हातावर जन्मली, आणि त्याच पुण्याईवर मध्ये एक मुदत ती खासदारही झाली. बाई फटकळ, खोटेपणा तिला खपायचा नाही. पण एका बाबतीत तीसुद्धा चौदा वर्षं मूग गिळून बसली.

अफगाणिस्तानात जादा सैनिक पाठवायचा ठराव आला, तेव्हाची गोष्ट. बाजूने मत द्यायचं हे तिच्या पक्षाने ठरवून टाकलं होतं. आपलं सैन्य गेलं की मुलींच्या शाळा निघतील, निवडणुका होतील, असं सगळे छातीठोकपणे सांगत होते. रिग्मोरला काही ते पटेना. पण पक्षाविरुद्ध बटण दाबायचीही छाती होईना. आमच्या संसदेत यावर एक सोय आहे. या बाजूच्या एकाने आणि त्या बाजूच्या एकाने ठरवून घरी बसायचं, म्हणजे मतांचं गणित बिघडत नाही. तिने ती सोय घेतली. यादीत तिच्या नावापुढे 'गैरहजर' लागलं.

दोन वर्षांनी सायकलवाल्या थॉर्किल्डचा सैन्यात गेलेला एस्बेन तिकडे सुरुंगाच्या स्फोटात गेला. एकुलता एक पोरगा, तोही रिग्मोरच्याच हातावर जन्मलेला. पुढे थॉर्किल्डने ती मतदानाची यादी मिळवून वाचली आणि गावभर सांगितलं, की माझ्या पोराला पाठवणाऱ्यांत आपली रिग्मोर नव्हती. तिने ते ऐकून घेतलं. यात खोटं काय आहे, अशी स्वतःची समजूत घालत राहिली.

मग ठरावानंतर चौदाव्या वर्षी, ऑगस्टमध्ये, काबूल पडलं. वीस वर्षांचा खटाटोप आठवड्याभरात धुळीला मिळाला. टीव्हीवर एकेक पुढारी येऊन सांगे, की जबाबदारी सगळ्यांचीच होती. म्हणजे कुणाचीच नाही, दुसरं काय! सप्टेंबरात बाहेरदेशी लढलेल्यांसाठी झेंडे लावायचा दिवस असतो. आदल्या सकाळी थॉर्किल्ड तिच्याकडे आला. स्मारकाच्या दगडापाशी भाषण तूच कर म्हणाला, बाकीच्यांना तोंड नाही.

रिग्मोरने कॉफी ओतली. हो म्हटलं की ती सुटत होती. खरं सांगितलं, तर तिच्यावर इतका विश्वास ठेवणारा गावातला एकमेव माणूस जाणार होता.

"थॉर्किल्ड, हे फसणार असं मला तेव्हाच वाटत होतं," ती म्हणाली. "म्हणूनच गेले नाही."

"मग जाऊन नाही म्हणायचंस."

"भ्याले रे. पुढच्या वेळी तिकीट मिळालं नसतं."

त्याने हळूच विचारलं, "त्या दिवशी घरी बसून काय केलंस?"

"स्ट्रॉबेरीचा मुरंबा. अकरा बरण्या. एक तुमच्याकडे पाठवली होती."

"आठवतंय. एस्बेनने दोन दिवसांत संपवली."

कॉफी तशीच ठेवून तो उठला. दारात टोपी घालताना म्हणाला, "उद्या हेच बोल. मुरंब्यासकट."

दुसऱ्या दिवशी ती तस्संच बोलली, एक शब्द न गाळता. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. थॉर्किल्ड पहिल्या रांगेत होता. त्याने शेवटपर्यंत ऐकलं, आणि तिच्याशी हात न मिळवताच तो घरी गेला.