मोहफुलं कोणी वेचली

या पानावर तुमचे अनुभव मी बऱ्याच दिवसांपासून वाचते आहे. आज पहिल्यांदाच लिहिते. माझं शिक्षण हिंदीतून झालं, मराठी घरात बोलतो तेवढीच, त्यामुळे कुठे चुकलं तर सांभाळून घ्या.

खरं सांगायचं तर अशा भुताखेताच्या गोष्टी कोणी सांगायला लागलं की मी उठून जायची. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच. बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय केमिस्ट्री. वाटायचं, एवढं शिकून परत हेच ऐकायचं का... आता मीच सांगायला बसले आहे.

आम्ही मध्य प्रदेशातल्या बालाघाटला राहतो. माझी आत्या लामत्याच्या पुढे एका छोट्या गावात एकटी राहते. बसमधून उतरल्यावर तीन किलोमीटर पायी. तिला मूलबाळ नाही, तिचे यजमान, आमचे मामाजी, जाऊन बरीच वर्षं झाली. मी लहानपणी चार वर्षं तिच्याकडेच होते, म्हणून आमचं जरा जास्तच.

तिच्या शेताच्या बांधावर मोहाची दोन झाडं आहेत. मार्चच्या शेवटी पहाटेपासून फुलं गळतात. सकाळीच वेचावी लागतात, नाहीतर गाई-बकऱ्या खाऊन टाकतात. त्याआधी झाडाखालचा पाला झाडून जाळतात, म्हणजे फुलं स्वच्छ जमिनीवर पडतात. सगळे लोक पाला खोडापासून लांब ओढतात. मी मात्र डावखुरी, आणि लहानपणापासून उलटी सवय — पाला खोडाकडे ढकलत नेते. मग पेटवला की खोडाला झळ लागते. आत्या दरवर्षी ओरडते, "झाडाले थंडी वाजून राह्यली काय वं? शेकतं काहून त्याले?"

या वर्षी ती तळ्याच्या घाटावर घसरली आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर. फोनवर म्हणाली, "तू आली त बरं होईन. एका हातानं टोपली धरू का फुलं वेचू?"

आणि नेमकी त्याच दिवसांत कॉलेजची गोव्याची ट्रिप. मी समुद्र कधी पाहिला नव्हता. बाबांना विचारलं तर म्हणाले, "तुझं तू ठरव." मला तेच जड जातं.

आत्याला फोन केला.

"मग जा ना," ती म्हणाली.

"अन् मोह?"

"मोहाले काय होते. पडन, गाई खातीन. आपल्या खानदानात कोणी समुद्र पाह्यला नाही, तू पाहून ये. हात बरा असता त म्या बी आली असती, बीचवर बसली असती चष्मा लावून."

मी हसले. पण "मी जाते" असं काही म्हणवलं नाही. "पाहते" म्हणाले आणि फोन ठेवला. नंतर पाच दिवसांत पुन्हा केलाच नाही. तशीच मैत्रिणींबरोबर गोंदियाहून गाडीत बसले.

गोवा... काय सांगू. समुद्र दिसल्यावर मी चपलांसकट पाण्यात गेले. मग मात्र गर्दीच गर्दी. खुर्च्यांसाठी भांडणं, चारही बाजूंनी वेगवेगळी गाणी. माझी मैत्रीण निकिता म्हणाली, सकाळी लवकर येऊ, समुद्रातून सूर्य उगवताना बघू. अंधारात उठून आम्ही सात जणी वाळूवर बसलो, समुद्राकडे तोंड करून. सूर्य आला तो मागून, हॉटेलांच्या वरून. समुद्र पश्चिमेला आहे हे आम्हा बालाघाटवाल्यांच्या डोक्यातच आलं नाही. खूप हसलो. निकितानं समुद्राकडे पाठ करून आमचा फोटो काढला, त्यावर तारीख आणि वेळ आहे. गोव्यातली पहिलीच सकाळ, सातच्या आतली.

एक गोष्ट तेव्हा लक्षात राहिली. तिन्ही सकाळी उठल्यावर माझी कंबर दुखत होती. वाकून वाकून दुखते तशी. मला वाटलं, ट्रेनच्या बर्थमुळे.

परत आल्यावर घरी बॅग टाकली आणि तडक लामत्याची बस धरली. आत्यासाठी काजू घेतले होते. मनात सारखं येत होतं की तिला काय तोंड दाखवू.

गावाच्या वाटेवर आत्याच्या शेजारचे काका सायकलवर भेटले. म्हणाले, "अरे बिटिया, अभी तीन दिन पहले तो गई थी. फिर आ गई?" मला वाटलं, त्यांना दुसरी कोणी वाटली असेल.

अंगणात आत्या बसली होती, गळ्यात हात अडकवलेला. समोर मोहफुलं वाळत घातलेली. पूर्ण अंगण भरून.

"आत्या, कोणी वेचली एवढी?"

"थट्टा करतं काय वं म्हातारीची? तूच त."

ती हसत होती, म्हणून मीही हसले. मग तिनं सांगितलं ते असं. मी पहाटे आले, घरात न येता सरळ झाडाखाली गेले. तीन सकाळी वेचत होते, दिवसभर बांधावरच, रात्री राखणीलाही तिथेच. बोलले फारसं नाही, नुसतं हौ-हौ. जेवायला हाक मारली की मी म्हणायचे, "मग जेवते." आणि तिसऱ्या दिवशी न सांगता निघून गेले.

"म्या म्हटलं पोरगी रागावली," आत्या म्हणाली. "पाल्यावरून बोलली ना तुले. पण सगळ्या गावाले सांगतलं म्या. माह्या पोरीनं माह्यासाठी समुद्र सोडला म्हणून."

 मी उठून बांधावर गेले.

दोन्ही मोहांच्या बुंध्याशी राखेचा ढीग होता. खोडाची साल वीतभर काळी पडलेली.

त्या गावात कोणी असं झाडत नाही. मी नंतर विचारलंही. जवळच्या टोल्यावरची, म्हणजे वस्तीवरची, एखादी मुलगी आली होती का, कोणी मजूर... नाही. आत्याची नजर अधू म्हणावी तर ती अजून सुईत दोरा ओवते. आणि काकांनीही पाहिलं होतं.

बांधावरून परत येताना ठरवत होते, सांगावं की नाही. तिचा तो अभिमान... गप्प राहिले असते तर कोणाला कळलं असतं? पण मग मी न केलेल्या कामाचं कौतुक आयुष्यभर ऐकायचं. आणि जिनं केलं तिचं काय?

मी तिच्या पुढ्यात बसले. "आत्या, मी नव्हती आली. मी गोव्याले गेलती." आणि फोटो दाखवला.

तिनं मोबाइल डाव्या हातात धरला, डोळ्यांजवळ नेला, लांब नेला. बराच वेळ. तारीख मी वाचून दाखवली. मला वाटलं आता रडेल, नाहीतर घाबरेल.

"समुद्र कुठी हाये यात?" तिनं विचारलं.

"फोटो काढणारीच्या मागं. आम्ही उलटं तोंड करून बसलो होतो ना."

"तू सगळंच उलटं करतं," ती म्हणाली. मग फोटोतल्या माझ्या चेहऱ्यावरून अंगठा फिरवला. "बारीक दिसून राह्यली."

"आत्या, मग ती कोण होती?"

तिनं वाळत घातलेल्या फुलांकडे पाहिलं. "मले काय माहीत माय. तीन दिवस राबली, एक घास खाल्ला नाही, एवढं माहीत हाये."

याला काही महिने झाले. निकिता म्हणते आत्याला भास झाला असेल. पण भास पाला झाडत नाही. मी रात्रंदिवस विचार केला, काहीच जुळत नाही. तुमच्यापैकी कोणाला कळलं तर जरूर सांगा.

त्या दुपारी आत्यानं एका हातानं ताट वाढलं — भात, लाखोरीची दाळ. मी संपवलं तर पुन्हा तेवढाच भात वाढला. मी म्हटलं, "आत्या, पोट भरलं."

"तुह्यं भरलं," ती म्हणाली. "आता तिच्या वाटचं जेव."

मी जेवले.