ध्रुवगामीचा लाल शर्ट

मास्तर म्हणजे छडीवाले मास्तर नव्हेत, कात्रीवाले. चौकातून डावीकडे वळलं की औषधांच्या दुकानाला खेटून त्यांचं टेलरिंगचं दुकान. दोन मशिनं, एक कापायचं टेबल, एक उंच आरसा आणि आरशाशेजारच्या भिंतीवर फोटोच फोटो. प्रत्येक फोटोत तीच माणसं, फक्त डोक्यावरचे केस सालोसाल कमी होत गेलेले, आणि सगळ्यांच्या अंगात लाल शर्ट. उभी कॉलर, छातीवर तिरकी पट्टी, पट्टीवर पाच बटणं. नवं गिऱ्हाईक हटकून विचारायचं, "ही कुठल्या हॉटेलातली मंडळी हो?" झालं! मास्तर कात्री खाली ठेवायचे, चष्मा कपाळावर चढवायचे, आणि गिऱ्हाइकाच्या पँटचं काम अर्धा तास तरी पुढे गेलंच म्हणून समजा.

तर ही मंडळी 'ध्रुवगामी'ची. अडतीस वर्षांपूर्वी दर रविवारी सकाळी टीव्हीवर ती मालिका लागायची. एक खटारा मालवाहू यान, त्यात सहा माणसं, वाट चुकलेली, घर शोधत निघालेली. यानाचं दार पुठ्ठ्याचं आहे हे शेंबड्या पोरालाही दिसायचं. चंद्र म्हणून जे काही लोंबत असायचं त्याच्या आत बल्ब आहे हेही दिसायचं. पण ते दार उघडलं रे उघडलं की गल्लीत चिटपाखरू दिसायचं नाही. ज्यांच्याकडे टीव्ही होता त्यांच्या घरी तीस-तीस चपला दाराशी.

बावन्न भाग झाले आणि मालिका संपली. पुढे कुण्या शहाण्याने त्या टेपा पुसून त्यांच्यावर बातम्या भरल्या. त्या माणसाचं नाव आजवर कुणाला कळलेलं नाही, हे त्याचं नशीब. एकही भाग कुठे उरला नाही. मग मास्तर आणि त्यांचे पाच मित्र यांनी मंडळ काढलं, आणि मंडळाचा रिवाज असा पडला: महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी मास्तरांच्या दुकानात जमायचं, एकाने एक भाग तोंडी सांगायचा, बाकीच्यांनी चुका काढायच्या. "कप्तान तेव्हा डाव्या हाताने दार उघडतो, उजव्या नव्हे!" यावरून दातांचे डॉक्टर आणि ग्रंथपाल दोन वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. सहाचे त्रेचाळीस जण झाले, बावन्न भागांची आठ आवर्तनं झाली, आणि प्रत्येक नव्या सभासदाला मास्तर स्वतः मापं घेऊन लाल शर्ट शिवून द्यायचे. काजं-बटणं त्यांची बायको करायची. बायको जाऊन सहा वर्षं झाली. आता काजंही मास्तरच करतात, पण तशी जमत नाहीत, हे तेच सांगतात.

अशात बातमी आली की 'ध्रुवगामी' नव्याने येतेय. नवं यान, नवी माणसं, पैशाला तोटा नाही. आनंदाला पारावार राहिला नाही. ग्रंथपालांनी सगळ्यांना चहा पाजला. हे ग्रंथपाल मंडळाचे चिटणीस, हातचं राखून वागणारे, चहा त्यांनी जन्मात पहिल्यांदा पाजला असेल. आणि पुढच्याच आठवड्यात पहिला फोटो आला. नवा कप्तान, नवं दार, सगळं झकास. शर्ट मात्र निळा.

अरे देवा! नुसता गहजब. "निळा? अहो, निळा?" डॉक्टर फोनवर ओरडत होते, समोर खुर्चीत तोंड वासून बसलेला पेशंट तसाच. "यांना काय कळतंय? आपल्या कप्तानाला यांनी पाणी सोडणारा नळवाला करून ठेवला!" मंडळातल्या गणिताच्या बाई म्हणाल्या, त्यांना रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. गावोगावच्या लोकांनी पत्रं धाडली. खरी गंमत पुढेच. ज्यांनी मूळ मालिका पाहिलीही नव्हती तेही लालसाठी भांडायला उभे राहिले. कारण मंडळाचे फोटो वर्तमानपत्रांतून छापून आलेले, त्यांवरूनच सगळ्यांनी ध्रुवगामी ओळखलेली. लाल म्हणजे ध्रुवगामी, ध्रुवगामी म्हणजे लाल.

मास्तर मात्र मूग गिळून बसले होते. कारण तो निळा शर्ट त्यांच्या लेकीने ठरवला होता.

लेक याच दुकानात टेबलाखाली टाचण्या वेचत मोठी झालेली. शिकली, दूर गेली, नाटक-सिनेमाच्या कपडेपटात कामाला लागली. नव्या ध्रुवगामीचा कपडेपट तिच्याकडे आला तेव्हा तिने बापाला सांगितलं आणि वर बजावलं, "एवढ्यात कुणाला बोलायचं नाही हं बाबा, तसं लिहून घेतलंय आमच्याकडून." मास्तरांनी ताकास तूर लागू दिली नाही. आठ महिन्यांपूर्वी तिचा पुन्हा फोन आला होता. "बाबा, जुन्या स्टुडिओच्या अडगळीत कपडेपटाची वही सापडली. तिच्यात लिहिलंय, शर्ट सहा, गडद निळे. मग तुम्ही लाल कुठून आणलात?"

"वहीत चुकलं असेल," मास्तर म्हणाले. "मला काही आठवत नाही बाई. थांब, इस्त्री तापलीय." आणि त्यांनी फोन ठेवून दिला. इस्त्रीचं बटण तेव्हा बंद होतं.

आठवत नाही कसं? लख्ख आठवत होतं. मंडळाचा पहिला वाढदिवस, सहा मित्र, सहा शर्ट हवे. मास्तरांचं दुकान तेव्हा नुकतंच निघालेलं. एका बँडवाल्याने बारा डगल्यांची ऑर्डर दिली आणि डगले होण्याआधीच त्याचा बँड भांडून फुटला. लाल कापडाचा तागा दुकानात पडून. मास्तरांनी तोच कापला. मित्रांनी विचारलं, "काय रे, हाच रंग होता का?" आता टीव्ही कृष्णधवल. करडा सोडून दुसरा रंग कुणाच्या बापाने पाहिला होता? पण तेवीस वर्षांचा नवा शिंपी, मान ताठ करून म्हणाला, "काळ्या-पांढऱ्यातसुद्धा लाल कसा दिसतो, ते धंद्यातल्या माणसाला बरोबर कळतं." उचलली जीभ, लावली टाळ्याला. सगळ्यांनी माना डोलावल्या. आणि खोटं बोलण्याची खरी सजा काय असते सांगू? पुढे पुढे मास्तरांनीही डोळे मिटले की त्यांना कप्तान लालच दिसायचा.

या रविवारी सभा होती, आणि तीन दिवस आधी लेकीचा फोन येऊन गेला होता. "वरची माणसं घाबरलीत, बाबा. पत्रांचा ढीग पडलाय. एखाद्या जुन्या मंडळाचं पत्र आलं ना, तर मला घरी पाठवतील. असं झालंय आधी, दोघांना काढलंय." तिने बापाकडे काही मागितलं नाही. जेवलात का, गुडघा कसा आहे, एवढं विचारून फोन ठेवला.

सभेला दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. ग्रंथपालांनी टेबलावर कागद पसरला आणि खणखणीत आवाजात वाचला. मूळ मालिकेचा अपमान झाला आहे, लाल रंग परत आणावा, आणि ज्या कुणी अडाणी व्यक्तीने हा निळा रंग ठरवला तिला तत्काळ कामावरून दूर करावं. खाली बेचाळीस सह्या. सर्वांत वरची ओळ रिकामी.

"ही तुमची जागा," ग्रंथपालांनी पेन पुढे केलं. "मंडळाचं प्रत्येक पत्र तुमच्या सहीने सुरू होतं."

मास्तरांनी पेन हातात घेतलं आणि तसेच बसून राहिले. आपलेच दात नि आपलेच ओठ. सही करावी तर लेकीच्या पोटावर पाय. न करावी तर या माणसांना काय तोंड दाखवायचं? बायको गेल्यावर महिनाभर आळीपाळीने डबा आणून देणारी माणसं ही.

"निळाच होता," मास्तर म्हणाले.

"काय?"

"मूळ मालिकेत निळाच होता शर्ट. लाल मी आणला. बँडवाल्यांच्या डगल्यांचं कापड उरलं होतं माझ्याकडे."

आधी कुणीतरी हसलं. मास्तर थट्टा करताहेत असंच वाटलं. मग डॉक्टर जवळ आले, खांद्यावर हात ठेवून मायेने म्हणाले, "मास्तर, वय होतं माणसाचं. मी पाहिलाय लाल. अठराव्या भागात आग लागते, तेव्हा ज्वाळा आणि शर्ट एकाच रंगाचे दिसतात."

"मीच सांगितलाय अठरावा भाग, सहा वेळा," गणिताच्या बाई म्हणाल्या. "लालच."

तुम्हीच सांगा, खरं बोलायला बसलेल्या माणसाला लोक वेड्यात काढायला लागले तर त्याने काय करावं? मास्तर उठून उभे राहिले. "बरं. त्या वेळी ज्यांच्या घरी रंगीत टीव्ही होता त्यांनी हात वर करा."

डॉक्टरांचा हात अर्धा वर गेला. तिथेच थांबला. "आमचा... आमचा बहिणीच्या लग्नात घेतला," ते हळूच म्हणाले. "म्हणजे नंतर." हात खाली आला. दुसरा कुणाचा वर गेलाच नाही. सगळे एकमेकांची तोंडं बघायला लागले.

"म्हणजे," ग्रंथपालांचा आवाज चिरकला, "इतकी वर्षं मी बँडवाल्यांच्या कापडात हिंडतोय?"

"हो."

"आणि तुम्ही हे आज सांगताय? सह्या झाल्यावर? का?"

"ती अडाणी व्यक्ती म्हणजे माझी पोरगी आहे," मास्तर म्हणाले. "तिला मूळ वही सापडली. तिने वहीबरहुकूम केलं. मला विचारलंही तिने, आणि मी कानावर हात ठेवले. हे पत्र गेलं तर तिची नोकरी जाईल, आणि चूक तिची नाही हो, माझी आहे. मला काढा मंडळातून. पण हे पत्र नका पाठवू. पाया पडतो तुमच्या."

कोपऱ्यातल्या स्टुलावर सिस्टर बसल्या होत्या. सरकारी इस्पितळात चौतीस वर्षं नर्स म्हणून काढलेल्या. त्यांचे यजमान त्या पहिल्या सहांपैकी एक. चार वर्षांपूर्वी गेले, आणि जाताना अंगात लाल शर्टच हवा म्हणाले होते. मास्तरांनी सगळ्यांकडे बघितलं, सिस्टरांकडे बघायची मात्र त्यांची छाती होईना.

"भाऊजी," सिस्टरच बोलल्या. "मग आमच्या ह्यांना आपण बँडवाल्याच्या डगल्यात पाठवलं?"

"वहिनी, माझं चुकलं. मी काय सांगू..."

"मी बोलू का आधी?" सिस्टर उठल्या. त्यांचे डोळे भरले होते आणि रागही आला होता, दोन्ही एकदम. "चुकलातच तुम्ही. तेव्हा सांगितलं असतंत तर ते पोट धरून हसले असते आणि वर म्हणाले असते, लालच राहू दे. ते हसणं बुडवलंत माझं. त्याबद्दल मी तुम्हाला माफ करणार नाही." त्यांनी पदराने डोळे पुसले. "पण तो शर्ट मीच घातला त्यांना. डोळ्यांना काही दिसत नव्हतं. रंग कुठला बघतेय मी! बटणं चाचपत लावली एकेक करून. तुमच्या बायकोने लावलेली. एक हललं नव्हतं एवढ्या वर्षांत. त्या माउलीच्या पोरीला घरी बसवायला मी सही केली?"

त्यांनी टेबलावरचा कागद उचलला, स्वतःची सही शोधली आणि त्यावर पेनाने चार वेळा काट मारली. मग कागद ग्रंथपालांपुढे धरला. ग्रंथपालांनी आपल्या सहीवर रेघ ओढली आणि कागद डॉक्टरांकडे दिला. गणिताच्या बाईंनी तर पट्टी घेऊन सरळ रेघ मारली. कागद दुकानभर फिरला.

"आता लावा फोन," सिस्टर म्हणाल्या. "आमच्या देखत. पत्राचं नंतर. आधी लालचं सांगा तिला."

मास्तरांनी फोन लावला. पलीकडे मशिनची घरघर ऐकू येत होती.

"बाबा? आज सभा ना तुमची? काय झालं?"

"ऐक. तो लाल माझा होता. बँडवाल्यांचं उरलेलं कापड. मूळ निळाच. तुझं बरोबर आहे आणि तेव्हा मी तुझ्याशी खोटं बोललो."

मशीन थांबलं.

"मला माहीत होतं, बाबा."

"आं?"

"आईने कधीच सांगितलं होतं मला, बँडवाल्यांचं. मी दहावीत असताना."

"मग मला कशाला विचारलंस?" मास्तरांना कळेना. "वही होती तुझ्याकडे. आईने सांगितलेलं होतं. मग माझ्याकडून काय हवं होतं?"

"तुम्ही म्हणाला असतात ना, की लालच ठेव, माझा आहे, तर मी लाल ठेवला असता," ती म्हणाली. "वही लपवली असती मी. तुमचा रंग होता तो. आठ महिने फोनकडे बघत होते."

मास्तरांनी भिंतीकडे तोंड केलं आणि त्रेचाळीस जणांच्या मंडळासमोर ते ओक्साबोक्शी रडले.