बिनसैन्याचे अंपायर

आमच्या क्लबात प्रत्येकाकडे स्वतःचं सैन्य होतं. अंपायरांकडे नव्हतं. बोटाच्या पेराएवढे शिपाई विकत आणायचे, महिनोन्‌महिने बारीक ब्रशने रंगवायचे आणि मग टेबलावर मांडून, पट्टीने इंच मोजत, फासे टाकत लढायचं, असा आमचा छंद. अंपायर दर रविवारी हजर, तेही यजमान म्हणून, आणि मालकीचा एक शिपाई नाही. ज्याला त्या दिवशी प्रतिस्पर्धी मिळाला नसेल त्याच्यासमोर ते जाऊन बसत आणि म्हणत, "तुझ्यापाशीं दोन सैन्यं आहेत न्हवे? जें तुला नक्को तें मला दे." मग त्या नकोशा सैन्याला घेऊन ते निवांत हरत. हरल्यावर शिपाई एकेक करून खोक्यात ठेवत, भाले वाकू नयेत म्हणून.

अंपायर हे त्यांचं पाठीमागचं नाव. तोंडावर आम्ही सगळे त्यांना मामा म्हणायचो. तंजावरकडचं मराठी घराणं, सरकारी कचेरीतून निवृत्त, बायको गेलेली, मुलगी कोइंबतूरला. आमच्यातल्या कार्तिकचे ते शेजारी. क्लब आधी कार्तिकच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये भरायचा. तिथून आम्हाला गोड बोलून बाहेर काढलं, तेव्हा मामांनी अड्यारच्या घरातला हॉल उघडून दिला. पहिले काही रविवार नुसते बघत बसले आणि मग एकदा पट्टी हातात घेतली ती घेतलीच.

मी मूळचा कराडचा. अंबत्तूरच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. आठवडाभर दुसऱ्यांनी बिघडवलेल्या सुट्या भागांकडे बघायचं आणि त्यावर लाल खूण करायची, हे माझं काम. बायकामुलं नाहीत, शेजारी कोण राहतं ते आजही नीट ठाऊक नाही. रविवारी लोकांना झोप प्यारी असते. मी मात्र खोकं मांडीवर घेऊन आधी ट्रेन, मग बस करत अड्यारला जायचो. त्यात हौस किती आणि खोलीवर बसवत नाही म्हणून किती, ते मी कधी तपासलं नाही. क्लबात तमिळ आणि इंग्रजी चालायची. मामा माझ्याशी त्यांच्या मराठीत बोलायचे, जुन्या पोथीतून उठून आलेल्या आणि तमिळ चालीवर हेलकावणाऱ्या. पहिल्यांदा मला निम्मं कळलं नव्हतं. पण फोनवरच्या आईखेरीज मराठी बोलणारं दुसरं कोण होतं मला?

कटकट एकच होती, पण ती वर्षभर पुरली. आम्ही चौघं आणि चौघांचे खेळ चार. कार्तिकला महायुद्धातले रणगाडे हवेत. सुधाला अंतराळातले चिलखती सैनिक. ती प्रयोगशाळेत नोकरीला, तिचे शिपाईही तसेच, डाग नसलेले. प्रभू श्रीपेरुंबुदूरला शिफ्टवर, त्याला दहा जणांच्या टोळीचा छोटा खेळ हवा. आणि मला जुन्या पद्धतीच्या, ओळीने उभ्या राहणाऱ्या पलटणी. परदेशी शिपाई आणून त्यांच्या टोप्या ब्लेडने तासायच्या आणि त्यावर पुट्टीची पागोटी वळायची, असं करत मी अख्खी मराठी फौज उभी केली होती. खेळ मात्र असा, की सकाळी मांडला तर संध्याकाळपर्यंत दोन्हीकडची माणसं नुसती हलवून व्हायची. प्रत्येकाची सैन्यं वेगळी, मापं वेगळी, नियम वेगळे. एक खेळ ठरला नाही तर एकमेकांशी लढणार कसं? क्लब मोडणार, हे सगळ्यांना दिसत होतं. एव्हाना येणारे येईनासे होत होत आम्ही इतकेच उरलो होतो.

त्यात पुन्हा आम्ही शहाणे. आपलाच खेळ ठरणार या खात्रीने प्रत्येकजण गुपचूप नवी खोकी मागवत होता. मामांनी ते ओळखलं. "मुलगी बघायच्या आधींच पत्रिका छापतां तुम्ही," एवढंच म्हणाले आणि कापी, म्हणजे फिल्टरची कॉफी, करायला आत गेले. त्यांच्याकडे कापी आली की युद्ध थांबायचं. कोणाचा घोडा कुठेही उधळलेला असो, पेले रिकामे होईपर्यंत फाशांना हात लावायचा नाही.

मतदान झालं. अर्थातच प्रत्येक खेळाला एकेक मत. पाचवं मत मामांचं. सगळे त्यांच्याकडे बघायला लागले आणि मामा म्हणाले, "अजून एकदां खेळून बघूं." हे वाक्य नंतर आम्ही इतक्या रविवारी ऐकलं की मला त्याचा संताप यायला लागला. एका रविवारी रणगाडे, पुढच्या रविवारी अंतराळ, पुन्हा टोळी, पुन्हा पलटणी. प्रत्येक वेळी नवे नियम वाचायचे, अर्धे विसरायचे, कोण काय विसरलं यावरून भांडायचं. भांडण पेटलं की मामा चष्मा कपाळावर चढवून पट्टीला नाक लावून बघत आणि निकाल देत. निकाल बहुतेक वेळा कमी आवाज करणाऱ्याच्या बाजूने लागे. प्रभूने घरी आपली टोळी वार्निश केली आणि दमट हवेने ती पांढरी फटक पडली, तेव्हा आम्ही तिघं हसलो. मामा म्हणाले, "असूं दे. पहाटेचं धुकं पडलंय म्हणूं." त्या रविवारी टोळी धुक्यातच लढली.

पण माणसं दमली होती. प्रभूच्या दांड्या सुरू झाल्या. सुधा म्हणाली, पोंगलनंतर मी येत नाही, मला रविवारी झोपू दे. कार्तिक तर मला एकदा स्पष्टच म्हणाला, "मामा तुझ्यासाठीच थांबलेत. तुम्ही दोघं मराठी. शेवटी मत तुलाच." मी वरवर नाही म्हटलं. मनातून मलाही तसंच वाटत होतं. त्यांच्याच पूर्वजांसारखी पागोटी मी वळली होती. मामा माझे शिपाई हातात घेऊन फार वेळ बघत बसायचे, हे मी पाहिलं होतं.

पोंगलच्या आधी मामांची मुलगी येऊन गेली. त्यांना कोइंबतूरला न्यायचं, घर भाड्याने द्यायचं, असं ठरलं. पुढच्या रविवारी कापी झाल्यावर मामांनी पेला खाली ठेवला आणि म्हणाले, "माझं मत प्रभूच्या खेळाला." मग ते तमिळमध्ये, सगळ्यांना कळेल असं म्हणाले, "दहा जण लागतात, कुठल्याही मापाचे. तुमच्या सगळ्यांकडे दहा जण आहेतच, नवं काही घेऊ नका. तासाभरात संपतो. तुम्ही दमलेली माणसं आहात, तुम्हाला छोटा खेळ पाहिजे." सुधा म्हणाली, बरं. कार्तिकने खांदे उडवले आणि मान्य केलं. प्रभूने सगळ्यांचे पेले उचलून आत नेले.

मला लागलं. उगाच सांगत नाही, फार लागलं. खोकं बांधून मी निघालो, तर मामा चपला घालून बस स्टॉपपर्यंत आले. मी त्यांच्या दोन पावलं पुढेच चालत राहिलो. स्टॉपवर ते म्हणाले, "कोपलास?"

"तुम्हाला माझा खेळ आवडत होता, मामा."

"भोत आवडत होता. अजून आवडतो."

"मग?"

"तुझा खेळ निवडलों असतों तर हे तिघे हळूहळू गेले असते. राहिलों असतों तूं न्‌ मीं. आणि मीं तर चाललों." मग म्हणाले, "मला सांग, मग तूं अड्यारला कोणाकडे आला असतास?"

तेवढ्यात बस आली, तिला बरं जमलं यायला.

मामा कोइंबतूरला गेले. हॉल गेला. कार्तिकच्या घरी लहान बाळ, सुधाच्या घरी सासू. शेवटी क्लब माझ्या अंबत्तूरच्या खोलीत आला. गादी गुंडाळून आम्ही जमिनीवर खेळतो. माझ्या फौजेतले दहा जण बाहेर काढलेत, बाकीचे कपाटात पडून आहेत. खेळ मला ठीकठाक वाटतो. तासाभरात संपतो हे खरं, मग तिघं जेवायला थांबतात आणि मी भात लावतो.

दर रविवारी दुपारी कोइंबतूरहून फोन यायचा. कोण जिंकलं ते मामा विचारायचे नाहीत. विचारायचे, "अस्के आलेत कीं?" त्यांच्या मराठीत अस्के म्हणजे सगळे. मी फोन स्पीकरवर टाकायचो आणि सांगायचो, "अस्के आलेत, मामा." मग ते बरं म्हणून फोन ठेवायचे.

गेल्या पावसाळ्यात त्यांच्या मुलीचा फोन आला. आठवड्याच्या मधल्याच वारी आला, तेव्हाच मी काय ते समजलो. मी ग्रुपवर कळवलं आणि रविवारी कोणी येणार नाही असं धरून चाललो. मलाही कोणी यायला नको होतं. तरी तिघं आले. भर पावसात, ठरल्या वेळी, प्रभू तर रात्रपाळी करून आलेला, डोळे लाल. कोणी खोकं उघडलं नाही. आम्ही नुसते जमिनीवर बसून राहिलो. फोनची वेळ झाली तसे चौघंही फोनकडे बघत होतो. ती वेळ टळून गेली. मग कार्तिकने, ज्याला मराठीचा एक शब्द येत नाही, एकवार सगळ्यांवरून नजर फिरवली आणि हळू आवाजात म्हणाला, "अस्के आलेत, मामा."