खांबाने शिकवलेला धडा

शिट्टीसर फळ्याला हात लावत नसत. पनवेलच्या आमच्या शाळेचे हे खेळाचे मास्तर. मैदान हीच त्यांची वही, आणि चुन्याच्या फक्कीने ते तीत रेघा मारत. गळ्यातली शिट्टी जेवतानाही उतरत नसे.

एक्क्याण्णव साली मी तिथली नवीकोरी विज्ञानाची बाई. बी.एस्सी. बी.एड. ही अक्षरं पदरावर भरून घ्यायची तेवढी राहिली होती. माझ्या तासाला नववीच्या मुली पेंगायच्या आणि मला वाटायचं, काय शांतपणे ऐकतात.

त्यांतली सुगंधा सुकापूरची. खो-खोत वारा, विज्ञानात सहामाहीला नापास. तिचे वडील सांगून गेले, "बाई, वार्षिकला परत नापास झाली तं शाला बंद. घरात कामं काय कमी नाय."

मी हात टेकले. सर म्हणाले, "पोरीला मैदानावर आणा. तुम्हीही या."

खो-खोच्या खांबापाशी त्यांनी मलाच विचारलं, "गोल वळणाऱ्यावर बल कुठल्या दिशेला?"

"बाहेर," मी ठणकावलं. जूनपासून फळ्यावर बाण तसाच काढत होते.

"मग वळून दाखवा."

पदर खोचून मी धावले, खांब हुकला आणि सरळ जाऊन फक्कीत आडवी झाले. मुलींनी हसण्यापुरती तोंडं फिरवली, एवढा माझा मान राखला.

सुगंधा धावली, एका हाताने खांब धरून गर्रकन वळली. "आता मधेच हात सोड," सर म्हणाले. तिने सोडला आणि नाकासमोर निघून गेली. परत येऊन खांबाकडे बघत राहिली.

"बाई, खांब मला आत वढतो. भायेर कोनीच ढकलत नाय. हात सुटला का मी सरल जाते."

"आधी पायांना कळू द्या, बाई," सर म्हणाले. "डोकं येतं मागून."

घरी जाऊन पुस्तक उघडलं. पोरीचं बरोबर होतं. दुसऱ्या दिवशी सगळ्यांदेखत बाण पुसून आत वळवला. त्यानंतर माझा निम्मा तास मैदानावरच भरायचा.

वार्षिकच्या तोंडी परीक्षेला मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, सुगंधाला विचारलं, "एसटी वळली की आपल्याला बाजूला कोण ढकलतं?"

"कोनीच नाय. आपन सरलच चाललेलो असतो. वलते ती एसटी."

मोठ्या बाईंनी पूर्ण गुण दिले.

निकालादिवशी तिचे वडील चिंबोऱ्यांची, खाडीतल्या ताज्या खेकड्यांची, टोपली घेऊन आले. "पोरीला कोनी शिकवलं?" सरांनी माझ्याकडे बोट केलं. मीही खुशाल मान डोलावली आणि टोपली घरी नेली. सुगंधा दहावीत गेली. सर रेघा मारायला.

आता सर नाहीत. म्हणून लिहून टाकते, ती टोपली त्यांची होती. चिंबोऱ्या मात्र झकास होत्या.