पत्रात लिहिलेली खोड

“मॅडम, ह्या पत्रात आपलं मशीन कुठं हाय?”

सोपानराव माझ्या टेबलासमोर उभे होते. वेल्डिंगचा काळा चष्मा कपाळावर सरकवलेला, हातात मी सकाळी टाइप केलेलं पत्र. मी बोट ठेवून जागा दाखवली. तिसरा परिच्छेद, चौथी ओळ. तिथे मी ‘फॉडर प्रोसेसिंग इक्विपमेंट’ असं लिहिलं होतं.

“हे काय आसतंय?”

“कडबाकुट्टी.”

“मग कडबाकुट्टी लिवा की!”

मी म्हटलं, बिझनेस लेटरमध्ये तसं लिहीत नाहीत. त्यांनी माघार घेतली. इंग्रजीपुढे ते नेहमीच माघार घ्यायचे, आणि मला त्याचा थोडा अभिमानही होता.

नव्वदच्या दशकातली गोष्ट आहे. मी नुकतीच बी.कॉम. झाले होते, टायपिंगच्या दोन परीक्षा पास होते आणि बारामतीच्या एमआयडीसीत सोपानरावांच्या वर्कशॉपमध्ये ‘ऑफिस’ होते. म्हणजे एक टेबल, एक टाइपरायटर आणि मी. सोपानराव इंदापूर तालुक्यातले. घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं होती. ह्यांनी मात्र आधी ट्रॉलीचे साटे, म्हणजे सांगाडे, जोडले, मग स्वतःचं शेड टाकलं आणि कडबाकुट्टी बनवायला घेतली. कडबाकुट्टी म्हणजे चारा बारीक कापणारं मशीन. दोन दातेरी रोलर चारा आत ओढतात, पुढे फिरणारं पातं तो कापतं. जनावरं मग चारा वाया घालवत नाहीत.

मशीन चांगलं होतं. अडचण एकच, ते विकायला कुणी नव्हतं. दारात येऊन एखादा शेतकरी न्यायचा, पण त्यावर शेड चालत नाही. गावोगावच्या दुकानदारांनी आमचं मशीन ठेवलं पाहिजे, म्हणजे डीलर पाहिजेत. अनोळखी दुकानदाराला आपली ओळख करून द्यायची आणि ‘आमच्यासोबत धंदा करा’ असं गळी उतरवायचं, अशा पत्राला आम्ही इंट्रोडक्शन लेटर म्हणायचो. अशी पत्रं लिहायला म्हणून मला ठेवलं होतं.

मी एका पत्रलेखनाच्या पुस्तकातून वाक्यं उचलायचे. ‘आपल्या सन्माननीय प्रतिष्ठानास कळविताना अत्यानंद होतो’ इथपासून सुरुवात. आम्ही ‘अग्रगण्य उत्पादक’ होतो. आमच्याकडे ‘अत्याधुनिक यंत्रसामग्री’ होती, म्हणजे दोन वेल्डिंग सेट आणि एक ड्रिल. अशी चाळीस पत्रं मी पाठवली. तीन उत्तरं आली. एका दुकानदाराने नवीन वर्षाचं कॅलेंडर पाठवलं. एकाने उलट आम्हालाच त्याचे पंप विकायची ऑफर दिली. तिसऱ्याने लिहिलं की पत्र फार सुंदर आहे, पण आपण नक्की काय बनवता ते कळवावे.

शेडमध्ये बारा मशीनं ताडपत्रीखाली उभी होती. एके दिवशी सोपानराव माझ्याकडे न बघता म्हणाले, “ह्या हंगामात डीलर न्हाय मिळाला तर परत साटं जोडत बसायचं. मग हितं टायपिंगला तरी काय काम ऱ्हाणार?”

माझी नोकरी चाललीय, एवढं त्यातून मला कळलं.

त्या दुपारी मी नवं पत्र लिहायला बसले. पुस्तकातले सगळे दागिने चढवले. समोर सोपानरावांचे वडील बसले होते. त्यांना सगळे आबा म्हणायचे. मेंढरं विकल्यापासून त्यांना करमत नसे, म्हणून मुलासोबत ते रोज वर्कशॉपला यायचे आणि पंख्याखाली बसायचे.

“वाच बरं पोरी, काय लिवलंयस.”

मी वाचलं. आबांनी डोळे मिटून ऐकलं.

“ह्यात खोड कुठं सांगितलीस?”

“कसली खोड?”

“मशीनची. ओलं वाढं घातलं की आडकतंय न्हवं?”

वाढं म्हणजे उसाचा शेंड्याकडचा हिरवा पाला. आमच्या भागात कारखाने सुरू झाले की जनावरांना तोच चारा. वाळलेला कडबा आमचं मशीन दिवसभर कापायचं. ओलं वाढं मात्र अर्ध्या तासात रोलरला दोरीसारखं गुंडाळायचं आणि मशीन अडकायचं. हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणूनच तर मी ते लिहिलं नव्हतं.

“आबा, हे बिझनेस लेटर आहे.”

“मग? मेंढरू बिझनेस न्हवं व्हय?” आबा सरसावून बसले. “मी बाजारात मेंढा हुबा केला की आधी सांगायचो, ह्यो टकरा मारतो. घरात ल्हान लेकरं आसली तर न्हेऊ नगा. घेणारा दोन पावलं मागं सरायचा. इचार करायचा. मंग फुडं यायचा, आन्‌ मंग वय बघायला दात बी तपासायचा न्हाय. ज्यानं आपल्या तोंडानं खोड सांगितली, त्यो दातात कशाला फसवंल?”

मला हसू आलं. पण टाइपरायटरवरचा कागद वाचला तर त्याहून जास्त हसू आलं. मी तो ओढून काढला. नोकरी जाणारच आहे, तर एक पत्र आबांचं जाऊ दे, असा माझा हिशोब होता. ते पत्र मला अजून पाठ आहे.

‘स.न.वि.वि. आम्ही बारामतीत कडबाकुट्टी मशीन बनवतो. आधी त्याची खोड सांगतो. उसाचे ओले वाढे घातले की साधारण अर्ध्या तासाने पाला रोलरला गुंडाळतो व मशीन अडकते. बंद करून पाला काढायला दहा मिनिटे लागतात. मोटार जळत नाही. वाळलेल्या कडब्याला काही त्रास नाही. चारा घालायची पन्हाळी आम्ही मुद्दाम लांब ठेवली आहे, माणसाचा हात रोलरपर्यंत पोचत नाही. त्यामुळे मशीन बेढब दिसते. एवढे सांगून झाल्यावरही पाहावेसे वाटले तर या.’

सोपानरावांना वाचून दाखवलं. त्यांनी आबांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. “तुमी दोघांनी मिळून शेड बंद करायचं ठरवलंय काय?” असं म्हणाले, आणि सही केली. पहिल्यांदाच पत्रातला शब्द न्‌ शब्द कळल्यामुळे त्यांना सही करावीशी वाटली असावी.

पत्र दहा दुकानदारांना गेलं. आठव्या दिवशी सोलापूरहून फोन आला. मलकापुरे नावाचे गृहस्थ. पंप आणि अवजारांची तीन दुकानं, पंढरपूर भागात चांगला जम.

“पत्र कोणी लिहिलंय हो?” त्यांनी विचारलं.

“मी.”

“तीस वर्षं दुकान चालवतो. स्वतःच्या मालाची तक्रार स्वतःच करणारा पहिलाच भेटला. मंगळवारी येतो. ते अडकतं कसं, तेवढं मला दाखवा.”

सोपानरावांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, “मंगळवारी मोठा मानूस येतोय. मशीन कसं पायजे? चकाचक!” सगळ्यांनी माना डोलावल्या. दत्तू मिस्त्रींनी जरा जास्तच डोलावली. मिस्त्री म्हणजे आमचं वर्कशॉपच. साठीला आलेले, बोलणं मोजकं, आणि आपण बनवलेल्या वस्तूला कुणी नाव ठेवलेलं त्यांना खपत नसे. पत्रात काय लिहिलंय हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. का सांगितलं नाही, ते वेगळं सांगायला नको.

मंगळवारी सोपानराव जीप घेऊन भिगवण स्टेशनला गेले. पाहुण्यांना खूश करायचं म्हणून हायवेवरच्या हॉटेलात उजनीचा मासा आधीच सांगून ठेवला होता. मलकापुऱ्यांच्या गळ्यातलं लिंग मासा टेबलावर आल्यावर दिसलं. ते लिंगायत, शाकाहारी. पाहुण्यांनी दोन केळी खाल्ली. मग जीप बारामतीला आली.

“चला, अडकवा,” मलकापुरे खुर्चीवर बसत म्हणाले. घड्याळ काढून गुडघ्यावर ठेवलं.

आबांनी सकाळीच उसाच्या तोडीवरून वाढ्याच्या पेंड्या आणून ठेवल्या होत्या, हिरव्यागार, दवाने ओल्या. मशीन सुरू झालं. पेंडी आत, कुट्टी बाहेर. पेंडी आत, कुट्टी बाहेर. अर्धा तास झाला. मशीन चालूच.

“हुईल, हुईल,” सोपानराव म्हणाले.

पाऊण तास झाला. मी रोलरकडे बघत होते. अडक, बाबा, असं मनात म्हणत होते. मशीन काय ऐकेना. सोपानराव आता एकदम दोन-दोन पेंड्या कोंबायला लागले. आबा उठले, बादलीभर पाणी आणून राहिलेल्या वाढ्यावर ओतलं. वाढं निथळायला लागलं. मशीनने तेही कापलं. समोर कुट्टीचा कमरेएवढा ढीग झाला.

तासाभराने मलकापुऱ्यांनी घड्याळ खिशात टाकलं.

“मालक, तुमच्या पत्रातली खोड मला खरी वाटली, म्हणून मी बाकीचं खरं मानलं. आता खोडच खोटी निघाली. म्हणजे मला हितं आणायला तुम्ही युक्ती केली. हुशार आहात. पण हुशार माणसासोबत मी धंदा करत नाही.”

सोपानरावांचा चेहरा मला बघवेना. चांगलं चालतंय म्हणून मशीनचा एवढा राग आलेला माणूस मी पुन्हा कधी पाहिला नाही. त्यांनी एक आख्खी मोळी उचलली आणि ती पन्हाळीत रेटायला लागले.

तेवढ्यात मागून आवाज आला. “मालक! मशीनचा जीव घेताय काय?”

दत्तू मिस्त्री. तासभर ते खांबाला टेकून हा प्रकार बघत होते आणि आता त्यांचा संयम सुटला होता. त्यांनी येऊन बटण बंद केलं.

“मिस्त्री, हे आडकत का न्हाय?” सोपानराव ओरडले.

“आडकंल कशाला? मी दुरुस्त केलंय!”

सोपानरावांनी मोळी खाली ठेवली.

“कधी?”

“शनिवारी. तुमीच म्हनला न्हवं, मोठा मानूस येतोय, चकाचक पायजे? मोठ्या मानसाम्होरं माझं मशीन आडकू दिऊ व्हय?”

“मग सांगायचं न्हाय?”

“मागल्या टायमाला बदल करू का इचारलं तर तुमी न्हाय म्हनलाव. म्हनून ह्या टायमाला इचारलंच न्हाय.”

मिस्त्रींनी बाजूचं झाकण उघडलं. रोलरला जवळजवळ चिकटून एक लोखंडी पट्टी बसवली होती, ट्रकच्या जुन्या कमानीचा, म्हणजे चाकावरच्या स्प्रिंगच्या पट्टीचा, तुकडा घासून. पाला गुंडाळायला लागला की पट्टी तो खरवडून खाली पाडायची. एवढंच. दोन बोल्टांचं काम.

मलकापुरे खुर्चीवरून उठले. वाकून पट्टी पाहिली, बोटाने धार पाहिली. “काढा ही,” म्हणाले.

मिस्त्रींनी तोंड वाकडं करत दोन बोल्ट सोडले. मशीन पुन्हा सुरू झालं. आबांनी चिंब वाढं पुढे केलं. इतकं भिजलेलं वाढं अर्धा तास कशाला थांबतंय? दहाव्या मिनिटाला रोलर कुरकुरला, मोटार घुमली आणि मशीन ठप्प झालं.

“आडकलं!” आबांनी टाळी वाजवली. सोपानरावांनी मला हाताने खूण केली, बघा बघा म्हणून. वेल्डिंगवाले हसायला लागले. फक्त मिस्त्री भिंतीकडे तोंड करून उभे होते.

मलकापुरेही हसले. सकाळपासून पहिल्यांदा. मग त्यांनी लांब पन्हाळीवरून हात फिरवला. “आणि ही एवढी लांब का? पत्रा जास्त लागत असेल.”

सोपानराव पाला काढत होते. मान वर न करता म्हणाले, “धाकट्या बहिणीची दोन बोटं गेली कडबाकुट्टीत. दुसऱ्याच्या मशीनवर. तवापासनं ठरवलं, आपण करायची तर अशी करायची.”

मी तिथे दीड वर्ष काम करत होते. चाळीस पत्रं लिहिली होती. पन्हाळी लांब का, हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

मलकापुऱ्यांनी पन्हाळीवरचा हात काढला. मग म्हणाले, “ती पट्टी सगळ्या मशीनला लावा. सहा मशीनं आत्ता पाठवा. खपली तर तिन्ही दुकानांत ठेवतो.” निघताना माझ्या टेबलापाशी थांबले. “बाई, पुढचं पत्र असंच लिहा. पण खोड शाबूत आहे ना, तेवढं लिहिताना बघत जा.”

सहाच्या सहा मशीनं होळीच्या आत खपली. पुढच्या दोन वर्षांत आमचे आणखी सात डीलर झाले. सातही असल्याच पत्रांनी. माझी नोकरी राहिली, ती पुढे नऊ वर्षं टिकली.

त्या मंगळवारनंतर मात्र नियम केला. पत्राची पहिली प्रत दत्तू मिस्त्रींकडे जायची. ते वाचायचे नाहीत, मला वाचायला लावायचे. मी म्हणायचे, ‘मशीन आवाज फार करते.’ मिस्त्री उठून जायचे. दोन दिवसांनी येऊन सांगायचे, “ते वाक्य काढा, आता न्हाय करत.” मी लिहायचे, ‘पाते काढायला वेळ लागतो.’ चार दिवसांनी ते वाक्यही बाद. एकदा तर नुसतं ‘रंग लवकर उडतो’ एवढ्या ओळीसाठी पंधरा पत्रं आठवडाभर टपालात पडली नाहीत.

पुढे मी मोठ्या कंपन्यांत काम केलं. तिथे पत्रं लिहायला वेगळं डिपार्टमेंट असायचं, माल बनवायला वेगळं, आणि दोघांची भेट दिवाळीच्या पार्टीत व्हायची. नव्याने लागलेली मुलंमुली मला विचारायची, मॅडम, समोरच्याला पटेल असं पत्र कसं लिहायचं? मी त्यांना एवढंच सांगायचे: टपालात टाकण्याआधी ते एकदा वर्कशॉपमधून फिरवून आणा. गिऱ्हाईक वाचेल न वाचेल, मिस्त्रीने वाचलं तरी पत्राचं निम्मं काम होतं.