जुन्या लाईनवर सायकल की ट्राम? कोपरवाडीतले तीन दिवस

नसीमचा फोन आला तेव्हा मी सांगलीच्या मंडईत वांगी निवडत होते. "सायकल चालवायला येते येते म्हणतीस," ती म्हणाली, "आता येच. पुढच्या साली वाट ऱ्हाईल का न्हाई, कुणी सांगावं! रविवारी गावात सभा हाय. ट्राम आणायची म्हणत्यात."

मला वाटलं, मंडईच्या गलक्यात नीट ऐकू आलं नाही. ट्राम? कोपरवाडीत? पण ती खरंच ट्राम म्हणाली होती. वांगी तशीच ठेवली आणि तिथूनच ऑफिसात फोन करून सोमवारची रजा सांगितली.

नसीमची नि माझी ओळख बचत गटांच्या प्रदर्शनातली. तिच्याकडून एक गोधडी घेतली, गप्पा मारत तासभर तिथंच बसले, आणि तेव्हापासून आठवड्याला फोन ठरलेला. तिचे मिस्टर, यासीनभाई, कोरेगाव-रहिमतपूर रस्त्यावर वर्षानुवर्षं वडाप चालवायचे, म्हणजे शेअरची जीप. काचबिंदूनं त्यांचे डोळे गेले, जीप विकली, आणि घर नसीमच्या गोधड्यांवर आलं. हे सगळं मला फोनवरच ठाऊक होतं. घरी मी एकदाही गेले नव्हते.

शनिवारी सकाळी सांगलीहून पॅसेंजर धरली. तिकीट एका मिसळीपेक्षा स्वस्त. सोबत भडंगाचा पुडा घ्या, कारण गाडीत विकायला येणाऱ्या भेळेचा नेम नाही. डाव्या बाजूची खिडकी मिळवा. ऊसतोडीचे दिवस होते. तोडलेल्या फडांतून पाचट जळत होतं आणि डब्यात करपट-गोड वास भरला होता.

रहिमतपूरला उतरले तर नसीम दोन सायकली घेऊन उभी. एक तिची, मागं गोधड्या बांधायला रुंद कॅरिअर लावलेली, आणि एक शेजारणीची, माझ्यासाठी. (इथं सायकल भाड्यानं देणारं दुकान मला दिसलं नाही. ओळख काढा किंवा स्वतःची आणा. पंक्चरचं सामान हवंच, बाभळी फार आहेत.)

वाट स्टेशनच्या मागूनच सुरू होते. पूर्वी इथून मीटरगेजची गाडी जायची. मोठे रूळ आले तेव्हा लाईन जरा बाजूनं नेली, जुने रूळ उचलले, आणि भराव तसाच राहिला. कितीतरी वर्षं त्यावर बाभळी नि शेरडं. मग कधीतरी सरकारनं साफसफाई करून मुरूम दाबला, कडेला दगड लावले, आणि सायकलवाट झाली. गावात मात्र तिला अजून 'लाईन'च म्हणतात. "लाईनीनं आले," "पोरगी लाईनीवर हाय," असं.

माझ्यासारख्या दमेकरणीला ही वाट म्हणजे लाड आहे. आगगाडीसाठी बांधलेली असल्यानं कुठं चढ म्हणून नाही. दोन्ही बाजूंना खाली उसाचे फड, मधून आपण उंचावरून जातोय, आणि मोटारीचा आवाज नाही. मोरीवरून जाताना खाली पाटाचं पाणी दिसतं. मध्ये एक जुना फलाट आहे, नुसता दगडी ओटा, पाटी नाही, काही नाही. त्यावर एका बाईनं हळद वाळत घातली होती.

"हितं पडले होते मी," मोरीपाशी नसीम म्हणाली. "पहिल्या दिवशी. सायकल वर, मी खाली पाटात. चाळिशी गाठली तरी सायकलला हात लावला नव्हता कवा. ह्यांचे डोळे गेल्यावर म्हटलं, गोधड्या डोक्यावर घिऊन किती गावं फिरणार?"

"रस्त्यानं नाही जात?"

"डांबरीवरनं? आगं, उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या झुलत येत्यात. मागनं बाईमाणूस हाय का म्हस हाय, बघत न्हाईत." मग म्हणाली, "ही वाट गेली तर मी घरात बसले बघ."

फलाटापाशी तिच्या तीन शिष्या वाट बघत होत्या. गावातल्या बायका, एक तर सून आलेली सासू. नसीम त्यांना शनिवारी सायकल शिकवते. ती सासू पदर खोचून सायकलवर बसली आणि "सोडू नगंस गं, सोडू नगंस" ओरडत निघाली. नसीमनं केव्हाच सोडलं होतं.

कोपरवाडीतलं घर दोन खोल्यांचं, पुढं पत्र्याची पडवी. यासीनभाई पडवीत बसून दोऱ्याची रिळं हातानं चाचपून वेगळी करत होते. "सांगली आली का?" त्यांनी मान वर न करता विचारलं. "सायकलचा आवाज वळखत न्हाई म्हणजे परकं माणूस."

जेवायला बाजरीची भाकरी, अंड्याचं कालवण, शेंगदाण्याची चटणी. तसं कालवण हॉटेलात मिळायचं नाही, तेव्हा पत्ता विचारू नका. जेवताना यासीनभाईंनी माझ्याशी एकच विषय लावून धरला.

"ताई, कलकत्त्याला ट्राम हाय म्हणत्यात. बसलाय का कवा?"

बसले होते एकदा, कॉलेजच्या सहलीत. मग त्यांना सगळं हवं होतं. पायरी किती उंच? घंटा कशी वाजते? थांबा आला की सांगत्यात का? मला आठवेल तेवढं सांगत होते, आणि चुलीपुढं नसीमच्या भाकरी थापण्याचा आवाज वाढत चालला होता.

"ह्यांना ट्राम पाहिजे," ती शेवटी माझ्याकडं बघून म्हणाली. "बायकूची रोजी गेली तरी चालंल."

"तसं म्हणलो न्हाई मी."

"मग कसं?"

यासीनभाई ताटातली चटणी बोटानं शोधू लागले.

रविवारी सभा शाळेच्या मैदानात होती. मी बाहेरची, म्हणून मागं बायकांत बसले. ट्रामची योजना घेऊन आलेले सरकारी साहेब तिशीतले, बोलायला साधे. त्यांनी नकाशा लावून सांगितलं: रहिमतपूर ते कोरेगाव, जुन्या भरावावरून छोटी विजेची गाडी, दर थोड्या वेळानं एक. जमीन सरकारचीच, म्हणून खर्च कमी. पण भराव अरुंद. ट्राम आली तर सायकलवाट राहणार नाही.

"बाजूनं न्या की वाट," कुणीतरी म्हणालं.

"बाजूला तुमचे ऊस आहेत," साहेब म्हणाले. ते खरंच होतं.

मग सुरू झालं. कॉलेजातली एक मुलगी म्हणाली, पावसाळ्यात सायकलनं भिजत जावं लागतं, ट्राम पाहिजे. दुसरी म्हणाली, सायकलला तिकीट लागत नाही. फौजेतून निवृत्त झालेले एक आप्पा, लाईनीला लागून ज्यांचा ऊस आहे, उठून म्हणाले, "आमच्या म्हाताऱ्यांनी रेल्वेला एकदा जमीन दिली. आता बोटभर बी देणार न्हाई." टाळ्या पडल्या.

तेवढ्यात यासीनभाई उभे राहिले. नसीम बायकांत होती, त्यामुळं खांद्याला धरायला कुणी नव्हतं. खुर्चीची पाठ धरून ते उभे राहिले.

"मी यासीन. वडापवाला. ह्या रस्त्याची सगळी वळणं मला पाठ हायती, पण आता त्या रस्त्यानं मला एकट्याला जाता येत न्हाई. फाट्यावर हुबा ऱ्हायलो तर यस्टी आली का टेम्पो, कळतं. पण यस्टी कुटली, ते इचारावं लागतं. लोक चांगलं हायती, सांगत्यात. हात धरत्यात. पण रोज इचारायचं, रोज हात द्यायचा… माणूस कट्टाळतो. ट्राम एकच आसती. एकाच रुळावर. आली की ती आपलीच. इचारायचं न्हाई. मला एवढंच पाहिजे. बाकी तुमी ठरवा."

ते बसले. मी नसीमकडं बघितलं. तिनं ओढणीचं टोक मुठीत धरलं होतं. मग तीही उठली.

"मी ह्यांचीच बायकू," ती म्हणाली, आणि दोनचार जण हसले. "हे आत्ता जे बोलले, ते मला ठाऊक न्हवतं. घरात बोलले न्हाईत कवा. पण मी खोटं बोलणार न्हाई. मला वाट पाहिजे. त्या वाटंवर मी पोट भरते. ती गेली तर ह्यांना ट्राममध्ये बसवायला मी घरातच आसन, पण मग ट्रामचं तिकीट कुठनं काढायचं?"

आता कुणी हसलं नाही. टाळ्याही पडल्या नाहीत. साहेबांनी हात वर करून मतं घ्यायची का म्हणून विचारलं, तेव्हा फौजी आप्पाच उठले.

"आज नगं, साहेब," ते म्हणाले. "आज हात वर करायला लावू नगा. माझा बांध मी आधी मोजून बघतो. बाकीच्यांनी बी बघा. मग या."

साहेबांनी नकाशा गुंडाळला.

घरी परतताना यासीनभाईंचा हात नसीमच्या खांद्यावर होता आणि मी जरा मागं.

"मला सांगायचं तरी," ती म्हणाली.

"तुला दुखलं आसतं. तूच हात धरतीस की रोज."

"कुटं जायचं हाय तुमास्नी एकट्यानं?"

"कुटं न्हाई. कोरेगाव स्टँड. तिथं टपरीवर आमची डायवर मंडळी बसत्यात. च्या प्यायचा आन परत यायचं."

"एवढंच?"

"एवढंच. पुतण्या नेतो फटफटीवरनं, पण शेजारी मोबाईल बघत बसतो. चला चाचा, चला चाचा. च्या गिळावा लागतो."

नसीम चालत राहिली. घराच्या पडवीत आल्यावर म्हणाली, "मग उद्या जावा. ट्राम येईस्तवर काय बसून ऱ्हाणार?"

सोमवारी मला साताऱ्याला जायचं होतं, तिथून हायवेनं सांगलीची एसटी सोपी. वाट कोरेगावावरूनच. तेव्हा यासीनभाईंनी मला अट घातली. "ताई, त्याच गाडीत मी हाय. पण तुमी मला वळखत न्हाई. तुमी पुढं बसा, मी मागं. मदत करायची न्हाई."

"आणि पडलात तर?"

"तर दुसरं कुणीबी उचलंल. तुमी न्हाई."

फाट्यावर नसीम सायकल घेऊन उभी होती, त्या दिवशीच्या गोधड्या कॅरिअरला बांधून. एसटी आली. "कोरेगाव का?" यासीनभाईंनी मोठ्यानं विचारलं, कंडक्टर "व्हय, चढा" म्हणाला, आणि ते दांडा चाचपत चढले. नसीमचा हात अर्धा वर गेला होता. तो तिनं सायकलच्या सीटवर ठेवला.

त्या प्रवासात मी खिडकीबाहेर काही बघितलं नाही, म्हणून या टप्प्याचं वर्णन तुम्हाला देता येत नाही. ड्रायव्हरच्या आरशात मागची सीट दिसत होती, तेवढंच बघत होते. कोरेगावला मी आधी उतरून बाजूला थांबले, ते शेवटी उतरले. स्टँडवर काठी टेकत उभे राहिले, मान जरा तिरकी करून ऐकत. एक रिक्षावाला त्यांच्या अगदी अंगावरून गेला आणि माझ्या तोंडून "अहो" निघालंच. त्यांनी माझ्या दिशेला तोंड करून बोट ओठांवर ठेवलं.

मग एका बाईला विचारून ते टपरीच्या दिशेनं निघाले. चुकले. पाणपोईला अडले, हसले, परत वळले. टपरीवरून कुणीतरी ओरडलं, "आरं, यासीन! एकटाच?"

"एकटाच," ते म्हणाले. इतक्या जोरात की अख्ख्या स्टँडनं ऐकलं असेल.

मी नसीमला फोन लावला. "पोचले."

पलीकडं नुसता वारा ऐकू येत होता. लाईनीवर असावी. "बरं," ती म्हणाली. "ठेव आता, सायकलवर हाय."

साताऱ्याला कंदी पेढे घेतले, हायवेला एका ढाब्यावर बरी म्हणावी अशी उसळ खाल्ली, आणि अंधार पडायच्या आत सांगलीत आले. मांड्या दोन दिवस ठणकत होत्या. ऑफिसातल्या सगळ्यांनी एकच प्रश्न विचारला: मग तू कुठल्या बाजूची? वाट राहावी की ट्राम यावी? मी दर वेळी वेगळं उत्तर दिलं आणि प्रत्येक वेळी मनापासून दिलं.

तुम्हाला जायचं असेल तर या हिवाळ्यात जा. निर्णय झालेला नाही. फौजी आप्पांनी बांध मोजला, सायकलीपुरती पट्टी सोडायला तयार झाले, बाकीचे शेतकरी अजून 'बघू' म्हणतायत. साहेब परत यायचे आहेत.

यासीनभाई आता दर सोमवारी कोरेगावला जातात. एकदा चुकून कोरेगावात न थांबणाऱ्या साताऱ्याच्या गाडीत बसले आणि पार साताऱ्याला जाऊन आले. नसीमनं मला हे फोनवर सांगितलं तेव्हा रागावावं की हसावं हे तिचं ठरत नव्हतं.

"आल्या आल्या काय म्हणाले ठाऊक हाय?" ती म्हणाली. "म्हणाले, बघ, ट्राम आसती तर आसं झालं नसतं."

"मग तू काय म्हणालीस?"

"मी म्हटलं, वाट सोडणार न्हाई. जेवायला बसा."

मागून यासीनभाईंचा आवाज आला, "सांगलीला इचार, ट्रामची पायरी नक्की किती उंच आसती?"